गुलाब ओळखणारे गृहस्थ

आमच्या गल्लीतले हे गृहस्थ गुलाब ओळखतात, पण फुलाकडे बघतसुद्धा नाहीत. आधी पान उलटं करतात, मग काटा दाबून बघतात, मग कळी चोळून बोटं हुंगतात. "अहो, फुलावरून काय, कुणीही ओळखेल," असं वर ऐकवतात. झाडं कापायची कात्री सदऱ्याच्या खिशात कायम.

माझ्या सासूबाईंच्या बागेत एक जुना गुलाब होता. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मी यांना नेलं. पान, काटा, कळी सगळं यथासांग झालं. "जंगली आहे. वरचं कलम केव्हाच मेलंय, हा खालच्या खुंटाचा फुटवा. काढून टाका." निघताना त्यांनी दोन काड्या कापून ओल्या रुमालात गुंडाळल्या. मला वाटलं, सवय असेल. सासूबाई नको म्हणत होत्या, तरी आम्ही झाड मुळासकट काढलं.

दोन वर्षांनी, परवा गुलाबांच्या प्रदर्शनात तेच फूल दिसलं. खाली चिठ्ठी होती: दुर्मिळ जुनी जात. शोधक म्हणून यांचं नाव. हे शेजारीच उभे.

"हा आमच्याकडचाच ना?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा पुसला.

"तुमच्याकडचा कसा असेल? तो तर तुम्ही उपटून टाकलात."