हॉर्नचं बटण

आक्काच्या उजव्या हातातली ताकद उन्हाळ्यात गेली. बोटं हलवत राहिली तर परत येईल, नाहीतर अवघड आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि दाबायला एक मऊ चेंडू दिला. आक्कानं तो शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. बेळगावात वकिलाकडं जन्मभर टायपिंग केलेली बाई, ती चेंडू कुठली दाबतेय! चहाचा कपसुद्धा डाव्या हातानं धरायला लागली. मला भीती वाटायची, पण तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

मी तिचा धाकटा भाऊ. कॅम्पातल्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आमच्याकडं होता आणि त्यात आक्का सगळ्या गल्लीला हरवायची. ते यंत्र अजून चालतं. म्हटलं, चेंडू नको ना, मग त्या यंत्रासाठी नवा खेळच लिहू. बेळगावहून कणकुंबीला निघालेली बस, रस्त्यात म्हशी, आणि यंत्राच्या रिमोटवर उजव्या अंगठ्यानं दाबायचं एकच बटण, हॉर्नचं. हॉर्न वाजला तरच म्हैस बाजूला होणार.

"आमच्याकडची म्हस हॉर्नला कधी हललीय व्हय रं?" आक्का म्हणाली. पण रोज माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागली. वाटेतल्या जांबोटीच्या पुढं झाडी कमी पडली, बस फारच स्वच्छ आहे, अशा तक्रारी चालू झाल्या.

शनिवारी संध्याकाळी खेळ कॉम्प्युटरवर नीट चालला. रविवारी सकाळी शेवटचे फेरफार करून तो त्या यंत्राच्या कॅसेटमध्ये भरायचा आणि आक्काच्या हातात द्यायचा, असं ठरलं. मी दूध आणायला गेलो, परत येऊन कामाला बसलो आणि कंपायलर बिथरला. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा हा गृहस्थ म्हणजे कचेरीतला जुना कारकून. एक सही चुकली की सगळा अर्ज परत. त्या दिवशी त्यानं पडदा भरभरून चुका काढल्या. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की बस म्हणजे काय, हे त्याला माहीतच नाही.

काल संध्याकाळी बस चालवलेला माणूस आज विचारतो, बस म्हणजे काय! मी चिडलो. बसचं नाव बदलून बघितलं, चुका वाढल्या. म्हशी काढून टाकल्या, तरी वाढल्या. सगळ्यात वरची चूक आधी बघा, बाकीच्या तिच्यामुळंच येतात, हे मी वर्गात ओरडून ओरडून सांगतो. घरी मात्र खालून वर भांडत बसलो होतो.

"मास्तर, जेवणार हाय का न्हाय?" आक्कानं आतून विचारलं.

जेवण झाल्यावर डोकं थंड झालं आणि मी यादीच्या वरच्या टोकाला गेलो. पहिली चूक पहिल्याच ओळीत होती. तिथं मी काही लिहिलेलंच नव्हतं. आणि आता तिथं मराठीत ओळ होती: शशशशशशशशशश्ररररी.

"आक्का, हे तू केलंस?"

"मग? एवढं मोठं लिवलंस आन् वर श्री न्हाय. श्री न घालता काम हुतंय का कुठं?"

आमच्या घरात किराणा लिहायच्या कागदावरही आधी श्री येतो, तेव्हा तिचं चुकलं नव्हतं. पण त्या श्रीमुळं खालची बसची ओळखपाळख कंपायलरला वाचताच आली नव्हती. मी डोक्याला हात लावला. "अगं, पण एवढे श कशाला? सगळ्या देवांना एकेक वाटून दिलास काय?"

"बोट लवकर उचलंना रं," ती हळू आवाजात म्हणाली.

म्हणजे उजवं बोट बटणावरच राहिलं होतं आणि अक्षर उमटत गेलं होतं. डावा हात तर तिचा ठणठणीत होता. "मग डाव्या हातानं दाबायचं की!"

"श्री काय डाव्या हातानं लिवत्यात व्हय?" ती माझ्यावरच खेकसली. "शिकलास ते सगळं वाया गेलं बघ."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. ती ओळ मी पुसली नाही. तिच्या आधी दोन तिरक्या रेघा घातल्या, म्हणजे कंपायलर ती ओळ सोडून पुढं जातो. बसचं नाव आणि म्हशी पुन्हा जागेवर आणल्या. एकही चूक न निघता खेळ तयार झाला आणि मी तो कॅसेटमध्ये भरला. मी वळून बघितलं, तर रिमोट मागायला आक्कानं उजवा हात पुढं केला होता.