एका पुस्तकाला एक कार्ड

"शिक्का कुठी मारू, तेवढं सांगा जी," पुष्पाताई म्हणाल्या आणि वाचनालयाचा गोल शिक्का शाईच्या पॅडवर दाबून त्यांनी पहिलं मशीन पुढं ओढलं.

मी घाईनं हात आडवा घातला. शिक्का स्क्रीनवर बसण्याऐवजी माझ्या मनगटावर बसला. पुढचे दोन दिवस मी वाचनालयाची मालमत्ता होतो.

शहापूरच्या एका लहान वाचनालयातली ही गोष्ट. गावच्या एका जावयांनी पाच ई-रीडर भेट पाठवले होते. ई-रीडर म्हणजे पाटीएवढं मशीन, त्यात फक्त पुस्तकं वाचता येतात. फोन लागत नाही, गाणं वाजत नाही, व्हिडिओ दिसत नाही. त्यामुळं समितीतल्या बहुतेकांनी ते हातात घेऊन, बोट फिरवून, आदरानं परत ठेवलं होतं. जावयांनी प्रत्येकात तीच तीनशे मराठी पुस्तकं भरून दिली होती. सोबत चिठ्ठी होती आणि चिठ्ठीत शेवटी एक ओळ: जागा कमी पडली तर मेमरी कार्ड टाकता येईल. त्या एका ओळीवर चर्चा करायला सभा बोलावली होती आणि तांत्रिक सल्लागार म्हणून मला.

तांत्रिक सल्लागार म्हणजे हायवेवरच्या मोबाइल दुकानात रिपेअरिंगच्या बाकावर बसणारा माणूस. मी मूळचा जतकडचा. नववी अर्धी टाकून बोअरवेलच्या गाडीवर लागलो. गाडीबरोबर इकडं आलो, कावीळ झाली, गाडी पुढं गेली, मी मागं राहिलो. दुकानाचे मालक गुणवंतभाऊ यांच्या वडिलांनी, बाबांनी, मला घरात घेतलं. महिनाभर मऊ भात आणि मुगाचं पाणी दिलं. बरा झालो तसं भाऊंनी सोल्डरिंग शिकवलं. आज मला जे काही येतं ते त्या घरानं दिलेलं आहे. म्हणून भाऊंच्या धंद्याच्या आड येईल असा शब्द तोंडातून काढायचा म्हटलं की माझे हात गार पडतात.

समितीचे अध्यक्ष गुरुजी, म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी सुरुवात मुद्द्यानं केली.

"आपलं शिक्षण?"

"नववी, सर."

"पास?"

"अर्धी."

गुरुजींनी खडू सापडतो का बघावं तसा खिसा चाचपला. मग म्हणाले, "बरं. सांगा."

मी मशीन उघडून सेटिंगमध्ये गेलो. किती जागा आहे आणि किती भरली आहे, ते तिथं लिहिलेलं असतं. कोणालाही वाचता येतं, म्हणूनच कोणी वाचत नाही. मशीन आठ जीबीचं. त्यातले अडीच जीबी त्याच्या स्वतःच्या कामाला. उरले साडेपाच. एक जीबी म्हणजे हजार एमबी धरा. नुसत्या अक्षरांचं पुस्तक साधारण एक एमबीचं. भेट आलेली तीनशे वजा करूनही पाच हजार पुस्तकं आरामात मावत होती. हा हिशोब मी आदल्या दिवशी, मशीनं बघून गेलो तेव्हाच, तीन वेळा केला होता. दोनदा कॅल्क्युलेटरवर आणि एकदा कागदावर, कॅल्क्युलेटर चुकत असला तर म्हणून.

"आपल्या वाचनालयात वर्षाला किती पुस्तकं वाढतात, ताई?"

"कोनी सत्कारातली आनून देली, तर दोन."

"मग सर, या वेगानं मशीन भरायला अडीच हजार वर्षं लागतील. कार्ड लागत नाही."

मला वाटलं, झालं. सभा संपली, आता चहा. पण पुष्पाताई ग्रंथपाल होत्या आणि वीस वर्षं त्या खुर्चीत होत्या.

"ते ठीक आहे जी," त्या म्हणाल्या. "पन नियम आहे, एका सभासदाले एक पुस्तक. हे मशीन देलं म्हनजे मी एकाच मान्साले तीनशे पुस्तकं देली. अन् दाखल नंबर कशाले टाकू? हवेले?"

दाखल नंबर म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला रजिस्टरमध्ये मिळणारा क्रमांक. तो नसला तर पुस्तक आलेलंच नसतं, मग ते तुमच्या पायावर पडलं तरी.

गुरुजींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेज होतं.

"एका कार्डात एक पुस्तक," ते म्हणाले. "मशीन आतून पूर्ण रिकामं करायचं. सभासद पाहिजे त्या पुस्तकाचं कार्ड नेईल, मशीनला लावेल, वाचेल, परत आणेल. कार्डाला नंबर, नंबराची नोंद. पुस्तकं तीनशे, कार्डं तीनशे."

पुष्पाताईंना इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. ठराव एकमतानं पास झाला. आधी नमुन्याची दहा कार्डं आणायची, रविवारी एका सभासदाकडून चाचणी घ्यायची, मग बाकीची. तोवर मशीनं कुलपात.

"सर, पण कार्ड साठवणीसाठी असतं," मी म्हणालो.

"आम्ही तरी कशासाठी घेतोय?" गुरुजी म्हणाले.

पाच हजार पुस्तकं मावणारं मशीन रिकामं करून एकेक पुस्तक बाहेर ठेवायचं. मी अर्ध्या नववीचा, मला यात काय कळणार?

दुकानात भाऊंना सांगितलं तर ते खुर्चीतून उठले.

"तीनशे? तुनं काय सांगतलं बे त्याईले?"

"लागत नाही म्हणून सांगितलं."

"मंग?"

"मग त्यांनी तीनशे मागितली."

"असाच सांगत जा," भाऊ म्हणाले. "तू नाही म्हन्तलं का लोक जास्त घेतात."

दुकान उघडल्यापासून एवढी मोठी ऑर्डर आली नव्हती. भाऊ खूश होते आणि मी खाली मान घालून एका फोनचा स्पीकर बदलत होतो. माझ्या डोक्यात बाबा होते.

बाबांनी चाळीस वर्षं माग चालवला. जरीच्या काठात तुटलेला धागा दिव्याच्या उजेडात शोधून शोधून त्यांची नजर गेली. वाचनालयाचे ते सगळ्यात जुने वाचक. दोन वर्षांपासून अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली, तसं त्यांनी पुस्तक हातात घेणं सोडलं. संध्याकाळी ओसरीवर नुसते बसायचे. ई-रीडरमध्ये अक्षर बोराएवढं करता येतं, हे मी त्यांना सांगून बसलो होतो. तेव्हापासून रोज जेवताना एकच विचारणा.

"आली का रे मशीन?"

"आली बाबा. कपाटात आहे."

"कपाटात काय वाचून राहिली ते?"

मी ताटात आणखी भात वाढून घेतला.

दहा कार्डं मी भरली. भाऊंकडं बत्तीस जीबीपेक्षा लहान कार्ड शिल्लक नव्हतं. बत्तीस जीबीत एक पुस्तक, म्हणजे एका माणसासाठी अख्खी एसटी सोडल्यासारखं. करंगळीच्या नखाएवढी ती कार्डं. प्रत्येकावर पुष्पाताईंनी सुईसारख्या पेननं नंबर लिहिला. शिक्का मारायला जागा नव्हती, याचं त्यांना खरंच वाईट वाटलं.

रविवारी सकाळी चाचणी. सभासद म्हणून गुरुजींनी बाबांनाच बोलावलं. जुना वाचक, शिवाय पुरवठादाराचे वडील. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

बाबांनी कार्ड तळहातावर घेतलं आणि विचारलं, "कुठी आहे?"

"हातात आहे तुमच्या," पुष्पाताई म्हणाल्या.

"नाही देलं तुमी."

मी त्यांचं बोट कार्डावर ठेवलं, मग मशीनच्या कडेच्या खाचेवर. या खाचेत स्प्रिंग असते. कार्ड एकदा दाबलं की बसतं, पुन्हा दाबलं की बाहेर येतं. बाबांच्या बोटांना कधीकाळी केसाएवढा धागा सापडायचा. त्यांनी उलटसुलट करत तीन खेपांत कार्ड बसवलं. टक्क वाजलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नीट बसलं ना याची खात्री म्हणून बाबांनी ते पुन्हा दाबलं आणि अंगठा बाजूला केला.

कार्ड उडालं.

पुढचा अर्धा तास शहापूरच्या वाचनालयाची समिती गुडघ्यांवर होती. सतरंजी झटकली, कपाट सरकवलं. गुरुजींनी टेबलाखालून विचारलं, "कोणतं पुस्तक होतं?"

"नंबर चार," पुष्पाताई दुसऱ्या टोकाकडून म्हणाल्या. "पह्यल्याच दिवशी गहाळ."

कार्ड सापडलं नाही. बाबा मशीन मांडीवर धरून तसेच बसले होते. स्क्रीनवर लिहून आलं होतं: पुस्तक नाही.

"राहू द्या जी," ते हळूच म्हणाले. "मायासाठी नसन ते. द्या कोनाले डोये असलेल्या मान्साले."

त्यांनी मशीन टेबलावर ठेवलं आणि काठी शोधायला हात खाली नेला.

गुरुजी गुडघे झटकत उठले आणि माझ्याकडं वळले. "तुम्ही तज्ज्ञ ना? एकच सांगा. कार्ड लागतं की नाही?"

भाऊ माझ्याकडं बघत होते.

"लागत नाही," मी म्हणालो. "पुस्तकाची पानं फोटो काढून भरली असती किंवा कोणीतरी वाचून दाखवलेलं रेकॉर्डिंग असतं, तर जागा भराभर संपली असती. तसली शे-दोनशे असती तर मीच म्हणालो असतो, कार्ड घ्या. ही साध्या अक्षरांची पुस्तकं आहेत. आहे त्या जागेत मावतात. ज्यांना बारीक दिसत नाही त्यांच्यासाठी मशीन चांगलं, आणि आपण त्यांच्या हातात सगळ्यात बारीक वस्तू देतोय."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं, सर."

"ठासून नाही सांगितलं," गुरुजी म्हणाले. ते खरं होतं.

"अन् माया दाखल नंबर?" पुष्पाताई म्हणाल्या. सेटिंगमध्ये त्याचं उत्तर नव्हतं.

उत्तर बाबांनी दिलं, काठी चाचपता चाचपता. "ताई, मी तुमाले घरची पोथी देली होती. अठरा अध्यायाची. तिले किती नंबर देले?"

"एक."

"अठरा काहून नाही देले?"

पुष्पाताईंनी रजिस्टर पुढं ओढलं. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं. पुस्तकाचं नाव: मशीन क्रमांक एक. लेखक: पुष्कळ. पृष्ठसंख्येपाशी त्या अडल्या. मी सांगितलं, अक्षर मोठं केलं की पानं वाढतात. त्यांनी लिहिलं: कमी-जास्त. चौकोनी कागद मागच्या बाजूला डकवला आणि त्यावर शिक्का इतक्या जोरात मारला की मी डोळे मिटले.

सुदैवानं मूळ पुस्तकं मी पुसली नव्हती. ठरावात तसं होतं, पण माझा हात झाला नव्हता. मशीनमध्येच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये हलवून ठेवली होती, ती पाच मिनिटांत परत आणली. अक्षर सगळ्यात मोठं केलं. एका ओळीत चार शब्द बसत होते. मशीन बाबांच्या हातात दिलं.

"पंधरा दिवसानं परत आनून देजा," पुष्पाताई म्हणाल्या. "नाही तं दंड."

बाबांचं लक्ष नव्हतं. ते चौथ्या पानावर होते.

नऊ कार्डं दुकानात परत आली. दहावं समितीनं गहाळ दाखवून स्वतःच्या अंगावर घेतलं. भाऊ दोन दिवस माझ्याशी फक्त स्पेअर पार्टच्या भाषेत बोलले: "डिस्प्ले." "बॅटरी." "ठेव." तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणाले, "बाबा जेवाले येत नाहीत. हाक देली तं म्हन्ते, थांब, एक पान राह्यलं. तुया मशीनचं पान सरते कधी बे?"

मी म्हणालो, "कमी-जास्त."

तेव्हापासून कोणी कार्ड घ्यायला आलं की मी दोन गोष्टी विचारतो. आत किती भरलंय आणि वापरणार कोण. पहिलं मशीनच सांगतं. दुसऱ्यासाठी गिऱ्हाइकाला घरी जाऊन यावं लागतं, आणि गेलेल्यांतले बरेचसे परत येत नाहीत. भाऊ अशा वेळी काउंटरवरून माझ्याकडं नुसते बघतात. बाक मात्र अजून माझाच आहे.