दत्ताभाऊंनी अँप बदलला नाही

बातमी आली तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. संजय, माझा नवरा, फोन कानाला लावून खिडकीपाशी उभा होता आणि नुसतं "हो... हो... निघतो" एवढंच म्हणत होता. फोन ठेवल्यावरही तो बाहेरच बघत राहिला. "दत्ता गेला," तो म्हणाला. "दुपारी जेवून आडवा झाला होता. वहिनी चहाला उठवायला गेल्या, तर..." भाजी तशीच टोपलीत टाकून आम्ही त्याच्या गावी, कान्ह्याला निघालो. शनिवार होता. समोरून लोणावळ्याकडे येणाऱ्या गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती, आमची बाजू मोकळी होती. मला रडू आलं नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं. त्याला आता काही आठवडे झाले. अजून तसंच वाटतं.

दत्ताभाऊ आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. ऑर्केस्ट्रा म्हणजे फार मोठं काही नाही. संजय कीबोर्डवर, मी गायला, दत्ताभाऊ बेसवर, आणि ऑक्टोपॅडवर ताल धरणारं कोणी ना कोणी, ते मात्र सारखं बदलत राहिलं. शनिवार-रविवारी लोणावळ्यातली हॉटेलं, लग्नसराईत मावळातल्या हळदी, कधी पवना धरणाच्या काठचे तंबूवाले. एरवी मी लोणावळ्यातल्या एका शाळेत संगीत शिकवायचे, संजयचं भांगरवाडीत वाद्यदुरुस्तीचं दुकान आणि दत्ताभाऊ तळेगावच्या एका कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या अवजड यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये. बेस ही चार जाड तारांची गिटार. ऐकणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष नसतं, पण ती थांबली की गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन जाते. इतकी वर्षं माझ्या पायाखाली जमीन होती ती या माणसामुळे.

ते पहिल्यांदा दुकानात आले तो दिवस आठवतो. कान्ह्याच्या शेतकरी घरातला माणूस, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर पोत्यात गुंडाळलेली गिटार. गावच्या बँजो पार्टीत वाजवत होते, ते त्यांना पुरेना झालं होतं. "तितं निस्ता दणका आस्तो," म्हणाले. "मला गाण्यामागं वाजवायचंय." संजयने एक चाल धरली, ते मागे लागले, आणि कडवं संपायच्या आत संजयने माझ्याकडे बघून मान हलवली. वयाने माझ्यापेक्षा मोठे, पण मला शेवटपर्यंत मॅडम म्हणाले. संजयशी मात्र पहिल्या आठवड्यातच अरे-तुरे सुरू झालं.

अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, त्यांनी त्याच सुमारास घेतला. खंडाळ्याच्या एका हॉटेलात वाजवणारे म्हातारे वादक गोव्याला कायमचे परत निघाले होते, त्यांच्याकडचा. तेव्हाच तो जुना होता. जाड लाकडाची काळी पेटी, पुढे फाटकी जाळी, कमरेएवढी उंच. दोघांनी मिळून उचलल्याशिवाय हलायची नाही. दत्ताभाऊ तिला म्हैस म्हणायचे. "म्हशीला जीपमंदी घ्या आधी, मग मानसं बसा." कार्यक्रमात ते या म्हशीला टेकून उभे राहायचे, पोटरी आणि मांडी लाकडाला लावून. लांबलचक हळद असली तर सरळ तिच्यावर बसूनच वाजवायचे. आणि नजर सतत माझ्या तोंडाकडे. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं, मग सवय झाली. त्यांची ती ढब आहे, असं आम्ही धरून चाललो.

अँप थकत गेला. बटण फिरवलं की खरखर, मधेच घूं असा आवाज, गरम झाला की बंद. संजय दर वेळी तो उघडून बसायचा, आणि शेवटी एक दिवस त्याने हात टेकले. यातले भाग आता कुठे मिळत नाहीत, म्हणाला. त्याच सुमारास दत्ताभाऊंच्या हृदयाचं दुखणं निघालं, नळ्या घातल्या, आणि डॉक्टरांनी बजावलं की जड काही उचलायचं नाही. एका हातात उचलता येतील असे नवे अँप आले होते, आवाजही स्वच्छ. संजयचं म्हणणं साधं होतं, ही पेटी काढू आणि नवा घेऊ. दत्ताभाऊ "बगू" म्हणायचे. पुढच्या महिन्यात विचारलं तरी "बगू". संजय चिडायचा. मला वाटायचं, हा जुन्या वस्तूवरचा जीव असेल. शिवाय माझ्याच मनात एक कंटाळा होता, तो मी कोणाला बोलून दाखवत नव्हते. आम्ही सगळेच पिकलो होतो. समोर जेवणाऱ्यांना कोण गातंय याच्याशी देणंघेणं उरलं नव्हतं. नवा अँप घ्यायचा म्हणजे अजून काही वर्षं हेच करायचं असं ठरवण्यासारखं होतं, आणि तेवढा दम आपल्यात आहे का, हे मला कळत नव्हतं.

शेवटी संजयने पुण्याच्या एका ओळखीच्या दुकानातून नवा अँप वापरून बघायला आणला. एका सकाळी दुकानात आम्ही जमलो. दत्ताभाऊंनी गिटार जोडली, तार छेडली. किती गोल, मऊ आवाज आला! मी चटकन "वा!" म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काहीच उमटलं नाही. संजयने चाल सुरू केली, मी गायला लागले, आणि दत्ताभाऊ चुकले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकले. अनोळखी गावात उतरल्यासारखे इकडेतिकडे बघत होते. वाकून त्या नव्या अँपला गुडघा लावून बघितला, मग तळहात लावून बघितला. मग गिटार गळ्यातून काढली आणि खुर्चीवर बसले.

"मला ह्यो आयकू येत न्हाई," ते म्हणाले.

"आवाज वाढवू का?" संजय म्हणाला.

"आवाजाचं न्हाई रं. मला कानानं आयकूच येत न्हाई. लय वर्सं झाली. एक कान तर साफ गेलाय, दुसऱ्यातनं सगळं गढूळ येतं... कारखान्यातल्या प्रेसांनी खाल्लं. त्या म्हशीला टेकलं की पायातनं कळतं कुटला सूर लागला ते. आन गानं कुटं आलंय ते मॅडमच्या तोंडाकडं बगून."

मी वर्षानुवर्षांचे कार्यक्रम आठवत होते. हाक मारली तरी न वळणारा माणूस, "दत्ता हट्टी आहे," असं हसत म्हणणारे आम्ही. संजयचा चेहरा लाल झाला होता. "इतकी वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

दत्ताभाऊंनी त्याच्या ओठांकडे बघून ते समजून घेतलं. "सांगितलं आसतं, तर ठिवलं आसतंस का मला?"

संजयने कीबोर्डचं बटण बंद केलं. त्याला खोटं बोलता येत नाही. "नसतं ठेवलं," तो म्हणाला.

"मंग..." दत्ताभाऊ म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले. मला हसू येईना. मी चहा सांगायला बाहेर गेले आणि उगाच तिथेच रेंगाळले.

तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. सुताराकडून फळ्यांचा एक बुटका, पोकळ चौथरा करून घेतला. त्यावर नवा अँप ठेवायचा आणि आपणही अनवाणी त्यावरच उभं राहायचं, म्हणजे फळीतून तळपायाला कळेल. कानाचं यंत्रही लावून बघितलं, पण बोलण्यापुरतं ठीक, गाण्यात त्याचा नुसता कल्ला व्हायचा. सरावात चौथऱ्यावर जमलं, बऱ्यापैकी जमलं. म्हणून पवनानगरच्या पुढे धरणाकाठी एका साठाव्या वाढदिवसाचं बोलावणं आलं, ते आम्ही घेतलं.

संध्याकाळची वेळ, पाण्यावर अजून उजेड होता. पहिली काही गाणी सुरळीत गेली. मग एक झटक्याचं गाणं लागलं, ऑक्टोपॅडवाला जोशात येऊन पळायला लागला आणि घरातल्या बायकांनी मला हात धरून नाचायला ओढलं. मी माईक घेऊन पाहुण्यांमध्ये गेले, गातच होते. आणि एकाएकी मला पाय ठेवायला काही नाही असं वाटलं. बेस बंद झाली होती. वळून बघितलं. दत्ताभाऊ चौथऱ्यावर उभे, बोटं तारांवर तशीच अधांतरी, आणि डोळे गर्दीत माझं तोंड शोधत होते. माझी पाठ होती त्यांच्याकडे... त्यांना गाणंच सापडत नव्हतं. ती नजर माझ्या अजून समोर येते. मी गात गातच बायकांमधून सुटले, चपला काढून चौथऱ्यावर चढले, त्यांच्याकडे तोंड केलं आणि टाच जोरजोरात फळीवर आपटायला लागले. त्यांनी खाली बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि पुढच्या ओळीला ते आले. गाणं संपेपर्यंत मी पाय आपटत होते. पाहुण्यांना वाटलं, मॅडम रंगात आल्या. टाळ्या पडल्या.

परतताना गाडीत मी पुढे होते, ते मागे. "मॅडम, उद्या पाय दुकंल तुमचा," ते म्हणाले.

मी वळून म्हटलं, "दुखू दे."

"लय जोरात आपटत हुता." मग शांतपणे म्हणाले, "ह्यो नवा अँप परत दिऊन टाका. चांगलाय त्यो. दुसऱ्या कुनाच्या उपेगी पडंल."

"आणि पुढच्या शनिवारचं?" संजयने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं. ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. मी मागे तोंड करून तेच पुन्हा म्हटलं.

"तुमी करा," ते म्हणाले. "म्या न्हाई आता."

आम्ही केलं. संजय डाव्या हाताने कीबोर्डवर बेस वाजवायचा. कोणाला, अगदी कोणालाही, काही फरक पडला नाही. एकाही हॉटेलवाल्याने तुमचा तो गिटारवाला कुठंय म्हणून विचारलं नाही. पुढे एकेका ठिकाणी डीजे आला, आम्ही कमी होत गेलो, आणि एका शनिवारी आम्ही दोघं संध्याकाळी घरीच होतो. मला वाईट वाटायला हवं होतं. मी लवकर जेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संजयने कीबोर्ड गाडीत टाकला. मीही गाडीत बसले. कान्ह्याला दत्ताभाऊंच्या घराच्या पडवीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी, जुना अँप भिंतीला लावून ठेवला होता. चालू व्हायचा अजून, खरखर करत. दत्ताभाऊ त्यावर बसले, मी समोर स्टुलावर, संजय दाराशी. मग दर रविवारी तसंच. जुनी भावगीतं, संथ, कोणाला नाचायला न लागणारी. अँप तापून बंद पडला की चहा, तो निवला की पुन्हा. शेवटच्या रविवारी मी एक फार जुनं गाणं म्हटलं, शाळेत असताना शिकलेलं. "सगळं न्हाई आयकू आलं," म्हणाले, "पन बरूबर म्हनलं तुमी." मी म्हटलं, ऐकू नाही आलं तर बरोबर कसं कळलं? तर त्यांनी नुसता हात उडवला आणि चहाला हाक मारली.

दहावा झाला, तेरावा झाला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्हाला दुसरं काही सुचेना, म्हणून कान्ह्यालाच गेलो. शोभावहिनी, दत्ताभाऊंची बायको, दारातच भेटल्या. संजय म्हणाला, "वहिनी, पडवीतली ती पेटी घेऊन जातो. तुमची अडचण नको."

"ऱ्हाऊ द्या की," त्या म्हणाल्या. "तिची कसली आडचन? वाजवनार न्हाई का आज?"

संजय गाडीतून कीबोर्ड घेऊन आला. अँपला जोडला आणि डाव्या हाताने खालचे सूर वाजवायला लागला, सावकाश. मला गाता येईना, मी नुसती बसून राहिले. काही वेळाने मी आत पाणी घ्यायला गेले. वहिनी भांड्यांच्या मांडणीसमोर पाठमोऱ्या उभ्या होत्या. स्टीलची ताटं उभी लावलेली, आणि दर दोन ताटांच्या मधे एकेक फडकं घडी करून खोचलेलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"ते वाजवाया लागले की समदी भांडी थरथरायची," त्या म्हणाल्या. "निस्ता खुळखुळाट. डोकं उठायचं माजं. म्हनून मीच खोचलीवती... त्यास्नी तर कदी कळलंबी न्हाई."

पडवीत संजयने एक खालचा सूर दाबून धरला होता. वहिनींनी एक फडकं ओढून काढलं, मग दुसरं. ताटं बारीक वाजायला लागली. त्यांनी सगळी फडकी काढली, हातात धरली, आणि तो आवाज थांबेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.