ग्राफचाचांचा गेम

आमच्या ग्राफचाचांना कुठलीही गोष्ट नुसती सांगून पटायची नाही. तिचा चढ-उतार कळला पाहिजे. कुणी म्हणालं, "चाचा, आज डोकं फार दुखतंय," की त्यांचा पहिला प्रश्न, "एकदम चढलं, का हळूहळू?" समोरचा गोंधळून "हळूहळू" म्हणायचा. मग चाचा हवेत बोटानं एक रेघ काढायचे आणि समाधानानं मान हलवायचे, "मग उतरेल. एकदम चढलेलं वाईट."

आडनाव तांबोळी. चाकणच्या ज्या कारखान्यात मी इंजिनिअरिंग संपवून ट्रेनी म्हणून लागले, तिथल्या मेंटेनन्समधले ते सगळ्यात जुने गृहस्थ. आयटीआय केलेले, राहायला भोसरीत, दाढी पांढरी, आणि पिशवीत डब्याशेजारी गेम. हो, गेमच. पोरं दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी खेळतात ना, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं असलेला, तसला. पण चाचा त्यावर खेळत नसत. त्यात त्यांनी आलेख काढणारा कॅल्क्युलेटर घालून घेतला होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे पत्ते कुटायचे, तेव्हा हे कोपऱ्यात बसून समीकरणं मांडायचे.

हा गेम त्यांच्या हाती आला तो गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे. डॉक्टरांनी महिनाभर बसून राहायला सांगितलं आणि हा माणूस तिसऱ्या दिवशी पंखा खोलायला स्टुलावर चढला. चाचींनी कपाळावर हात मारला आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून गेम आणून दिला. चाचा दोन दिवस खेळले. "दर दोन मिनिटांनी मरायचं आणि परत उठून पळायचं. या वयात हे कोण करणार?" असं म्हणून त्यांनी त्यात दुसरं काय मिळतंय ते शोधलं, आणि हा कॅल्क्युलेटर सापडला. चाची अजून सांगतात, "मी याला गेम घेऊन दिला, तर यानं त्यात शाळा काढली."

कारखान्यात मोबाईल न्यायला बंदी होती. फोन गेटवरच्या कपाटात ठेवायचा. तिथं निघोज्याचे बाळूभाऊ सिक्युरिटीला असत. चाचांनी गेम आणला त्या पहिल्या दिवशी त्यांनी पिशवी उघडली.

"ह्ये काय हाय, चाचा?"

"कॅल्क्युलेटर."

"आकडं कुठं हायती त्याच्यावर?"

"आत आहेत."

"मंग दावा की काढून."

चाचांनी तिथंच उभं राहून, मागं पंचवीस माणसांची रांग ताटकळत ठेवून, गेमवरच्या छोट्या दांडीनं एकेक अक्षर शोधत टाइप केलं, वाय बरोबर एक्सचा वर्ग. पडद्यावर गोलसर खळगा उमटला. बाळूभाऊ बराच वेळ बघत राहिले. "ही तर कढई झाली," ते म्हणाले. "बरोबर," चाचा म्हणाले, "कढईचं समीकरण." बाळूभाऊंनी भिंतीवरची बंदीची यादी दोनदा वाचली. मोबाईल, लॅपटॉप, पेनड्राइव्ह, कॅमेरा, तंबाखू. कढई नव्हती. कॅमेरा नाही याची खात्री करून त्यांनी वहीत लिहिलं, 'हिशोबाचा गेम, एक नग', आणि चाचा आत गेले.

मी सांगवीहून कंपनीच्या बसला बसायचे. भोसरीला चाचा चढायचे आणि बसल्या बसल्या गेम काढायचे. एकदा आयपीएलच्या दिवसांत मागून कुणीतरी ओरडलं, "चाचा, स्कोअर काय झाला राव?" चाचांनी मान वर न करता सांगितलं, "वाय बरोबर एक्सचा घन." मग दुसरा आवाज आला, "म्हणजे आउट झाला का भावा?"

माझं आणि त्यांचं खरं नातं जुळलं ते बेडकामुळे. बेडूक म्हणजे आमचं एक पॅकिंगचं मशीन. त्यात एक लोखंडी कॅम होता. कॅम म्हणजे जरा वेडीवाकडी गोल चकती. ती फिरली की तिच्यावर टेकलेला दांडा वर-खाली होतो आणि खोका पुढच्या पट्ट्यावर अलगद ठेवतो. जुना कॅम झिजला, म्हणून नव्याचं ड्रॉइंग करायचं काम माझ्याकडे आलं. माझं पहिलं स्वतंत्र काम. मी मापं घेतली, ड्रॉइंग केलं, भोसरीच्या एका वर्कशॉपमधून कॅम करून आणला आणि बसवला. मशीन सुरू झालं मात्र, ठक! खोका टुणकन उडाला आणि उलटा पडला. पुढचाही उडाला. ऑपरेटर लोक हसून लोळले. दुपारपर्यंत मशीनचं नाव 'मनीषाचा बेडूक' पडलं होतं.

मला हसू येत नव्हतं. महिनाअखेरीला माझं कन्फर्मेशन होतं, म्हणजे नोकरी पक्की व्हायची होती. प्लँट हेड साहेबांनी बोलावून एवढंच विचारलं, "शनिवारपर्यंत कळेल का, की दुसऱ्या कुणाला सांगू?" मी टूलरूमच्या मागं जाऊन रडले. चाचा तिथं आले, पण त्यांनी रडण्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, "खोका एकदम उडतो, का हळूहळू?"

"एकदम, चाचा."

"मग चल. मोजू या."

आम्ही दोघांनी कॅम हातानं थोडा थोडा फिरवत दांडा किती उचलला जातो ते मोजलं. मी आकडे सांगायचे, चाचा गेममध्ये भरायचे. एक आकडा भरायला त्यांना अर्धं मिनिट लागायचं आणि चुकीचं बटण दाबलं की गेम 'टिडिंग' असा आनंदी आवाज करायचा. शेवटी रेघ उमटली. मला ती चांगली गुळगुळीत वाटली. चाचांनी मग दांड्याचा वेग कसा बदलतो त्याची रेघ काढली. ती सुरुवातीलाच एका जागी सरळ कड्यासारखी उभी होती.

"हे बघ," ते म्हणाले, "इथं बिचाऱ्याला कुणीतरी मागून ढकलतंय. तू ढकललं असतंस, तर मीपण उडालो असतो."

चूक माझीच होती. दांडा थांबलेला असतो तिथून तो एकदम पूर्ण वेगानं निघत होता. चाचांनी एक सरळ रेघ काढली आणि तिच्यातून थोडी लाट वजा केली. रेघ आता हळूच निघायची, मधे वेग घ्यायची आणि हळूच थांबायची. लाट किती वजा करायची, यावर आमचे दोन दिवस गेले. चाचा एकेक आकडा बदलून म्हणायचे, "अजून जरा. नवी नवरी उंबरा ओलांडते तसं निघायला पाहिजे."

शनिवारी मीटिंग. आयत्या वेळी माझा लॅपटॉप तिथल्या टीव्हीला जोडेना. साहेब घड्याळ बघायला लागले. चाचांनी पिशवीतून गेम काढून वायर लावली. टीव्हीवर आधी जोरात बँडबाजासारखं संगीत वाजलं, मग गुलाबी केसांची एक बाहुली उड्या मारत आली आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरांत नाव दिसलं, गुडघा. ऑपरेशनच्या वेळी घेतला म्हणून चाचांनी गेममधल्या आपल्या खात्याला तेच नाव दिलेलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हा गुडघा कोण?" चाचांनी हात वर केला.

मग जुन्या आणि नव्या कॅमच्या दोन्ही रेघा पडद्यावर आल्या, आणि खोलीत कुणी हसलं नाही. साहेब उठून टीव्हीजवळ गेले. त्यांनी तो कडा बोटानं चाचपला. "हे कुणी शोधलं?"

"हिनं," चाचा म्हणाले. "मी फक्त बटणं दाबली."

"सर, तसं नाही..." मी तोंड उघडलं आणि चाचांनी टेबलाखालून मला लाथ मारली. नेमकी ऑपरेशनच्या पायानं. त्यामुळे "या अल्ला!" असं ओरडले तेच.

नवा कॅम आला, बसला. खोका आपल्या पायांनी चालत गेल्यासारखा पट्ट्यावर जाऊन बसला. ऑपरेटर थोडे नाराज झाले. त्यांची करमणूक गेली. मला कन्फर्मेशनचं पत्र मिळालं. मी पेढे घेऊन चाचांकडे गेले आणि विचारलं, माझं नाव का सांगितलंत? ते पेढा खात म्हणाले, "माझं कन्फर्मेशन कधीच झालंय. दुसरं घेऊन काय करू?"

पुढच्या वर्षी ते रिटायर झाले. निरोपाला शाल, नारळ आणि भाषणं झाली. ते गेल्यावर दोनच आठवड्यांत मोठं मशीन बंद पडलं, आणि सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी ऑफिसात जाऊन लँडलाइनवरून चाचांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आता पहिल्यांदा काय बघशील?"

मी सांगितलं.

"मग तुला येतंय की, बेटा. फोन कशाला केलास?"

"भीती वाटली, चाचा."

"बरं. मग जरा बोल माझ्याशी."

आणि ते मला चाचींनी घातलेल्या लिंबाच्या लोणच्याबद्दल सांगत बसले. बरणी कुठली, ऊन किती दिवस दाखवलं, मीठ कसं चुकलं. पाच मिनिटं झाली असतील. बाहेर मशीन बंदच होतं. मी म्हटलं, "चाचा, आता जाते मी."

"जा," ते म्हणाले. "आणि रविवारी जेवायला ये. लोणचं खारट आहे, पण ये."