रस्ता दुसऱ्या बाजूने

बिबवेवाडीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. आठवडाभर लोकांना काचा बसवून द्यायच्या आणि रविवारी दुर्बिणी गळ्यात अडकवून पक्षी-प्राणी बघत हिंडायचं, असा आम्हा नवरा-बायकोचा संसार. आमच्या रविवारच्या मंडळींत एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्याला पुन्हा कुणी गाडीत घेत नाही. घरटं किंवा बीळ दिसलं, तर जागा कुणालाही सांगायची नाही. जागा फुटली की फोटोवाले येतात, गाड्या थेट दारात नेऊन लावतात, आणि पिल्लं मरतात.

थंडीत, शहरापासून दोनेक तासांवरच्या एका माळावर, ओढ्याच्या काठाला आम्हाला लांडग्याच्या मादीचं बीळ दिसलं. पिल्लं बाहेर येऊन एकमेकांचे कान ओढत होती. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. घरी येईपर्यंत दोघंही गप्प. मंडळींनासुद्धा सांगितलं नाही.

मग एका संध्याकाळी माझा भाचा जेवायला आला. धायरीला राहतो, पवनचक्क्या उभारणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. पहिल्यांदाच एका साइटची सगळी जबाबदारी त्याच्यावर आली होती आणि पोरगा नुसता फुलला होता. आमटी-भात कालवता कालवता त्याने मोबाइलवर नकाशा उघडला. माळ आमचा. ओढाही आमचाच. आणि ओढ्याच्या काठाने, बरोब्बर बिळावरून, एक लाल रेघ गेलेली.

"हे काय रे?"

"रस्ता. पात्यांचा ट्रेलर केवढा लांब असतो मावशी, त्याला वळण झेपत नाही. रुंद आणि सरळच लागतो. खांबाला काय, जागा थोडीशीच लागते."

"आणि तिथली जनावरं?"

"सर्व्हे झालाय ना. तुमच्यासारख्या हौशी लोकांनाही विचारलं. कुणाकडे काही रेकॉर्ड नाही. रिकामा माळ आहे तो."

रिकामा! कपाळ माझं! आम्हीच तोंडाला कुलूप लावून तो माळ रिकामा करून ठेवला होता.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. रस्ता म्हणजे नुसता रस्ता नसतो. मागून डंपर येतात, कामगारांच्या झोपड्या येतात, उष्ट्यावर जगणारी कुत्री येतात, कुत्र्यांचे रोग येतात. हे सगळं डोक्यात घेऊन मी एका आजोबांची डाव्या डोळ्याची काच उजव्याला बसवली. त्यांनी चष्मा घालून बघितला आणि शांतपणे विचारलं, "बाई, नंबर माझा काढलात की तुमचा?"

ह्यांना सल्ला विचारला, तर हे म्हणाले, "सांगितलंस तर फोटोवाले, नाही सांगितलंस तर जेसीबी. तुला कोण आवडतं ते बघ."

"अहो, मस्करी सुचतेय तुम्हाला?"

"मला काहीच सुचत नाहीये," हे म्हणाले. 

शेवटी स्कूटर काढली आणि धायरीला जाऊन भाच्याला सगळं सांगितलं. फोटो दाखवले. नकाशावर बिळाच्या जागी बोट ठेवलं. त्याने नकाशा मोठा करून लाल रेघ पुन्हा बघितली.

"वरच्यांना कारण द्यावं लागेल, मावशी."

"दे. पण ही जागा बाहेर फुटली, तर तुझ्या आईला सांगेन, आणि मग तू आणि ती."

बिचाऱ्याने खरंच भांडण मांडलं. तू कंपनीत नोकरी करतोस की प्राणिसंग्रहालयात, असं भर मीटिंगमध्ये ऐकून घेतलं. रोज त्याच्या फोनची वाट बघत माझा जीव टांगणीला लागला होता. आणि एक दिवस दुकानात गिऱ्हाईक असतानाच फोन आला. "मावशी! रस्ता वळवला! ओढा सोडून दुसऱ्या बाजूने घेतला!" मी गिऱ्हाइकासमोर ढसाढसा रडले. संध्याकाळी ह्यांनी न सांगता पाव किलो जिलबी आणली.

मार्चात भाच्यानेच आम्हाला माळावर नेलं. त्याने लांडगा कधी बघितलाच नव्हता. ऊन मी म्हणत होतं. आम्ही लांबच्या उंचवट्यावर बसलो. ओढा पार आटला होता. नवा रस्ता मुरूम टाकून तयार झाला होता आणि डंपरमागून डंपर चालले होते.

उन्हं कलली तशी मादी बिळातून बाहेर आली. पिल्लं पिऊन पिऊन तिची बरगडी न् बरगडी दिसत होती. ती रस्त्यापर्यंत आली आणि थांबली. डंपर गेला. ती मागे सरली. पुन्हा पुढे आली. पुन्हा डंपर.

"मावशी, ती बघ!" भाचा माझा हात दाबत कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले होते. "आपण वाचवलं तिला."

ह्यांनी दुर्बीण खाली केली. "अरे, ती पाण्याला निघालीय."

रस्त्याच्या पलीकडे पाझर तलाव चमकत होता. उन्हाळ्यात त्या माळावर पाणी तेवढंच. आधीचा रस्ता बिळावरून जाणार होता. आता तो बीळ आणि पाणी यांच्या मधून गेला होता.

भाच्याने तलावाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "रात्री ओलांडेल ना, काका?"

"रात्री काम बंद असतं का?"

"मार्च एंड आहे. तिन्ही शिफ्ट चालू आहेत." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "मावशी, पाण्याचं तू बोलली नाहीस."

एरवी मी फाडकन उत्तर दिलं असतं. "मला वाटलं, बीळ वाचलं की झालं," एवढंच तोंडून निघालं. समोर ती जीभ बाहेर टाकून रस्त्याच्या कडेला बसली होती, आणि मागे पिल्लं तिला शोधत बिळाबाहेर आली होती.