स्वेतोमिरची उद्घोषणा

स्वेतोमिरने मोरावा नदीकाठच्या लहानशा स्टेशनवर एकतीस वर्षं गाड्यांच्या वेळा पुकारल्या. तो निवृत्त झाला, पण त्याचा घसा काही निवृत्त होईना. "कॉफी पाच मिनिटं उशिराने येत आहे," असं तो स्वयंपाकघरात खणखणीत आवाजात जाहीर करायचा, आणि बायको, ल्युबिंका, कपाळाला हात लावायची.

शेवटी ऑस्ट्रियात नोकरी करणाऱ्या मुलीने त्याच्या फोनवर 'कुंपण' नावाची नवी सेवा घालून दिली. "बाबा, काय चाललंय ते यात लिही. आईच्या कानांना जरा सुट्टी!"

झालं, माकडाच्या हाती कोलीत! "लक्ष द्या. मांजर कोठारातून सुटली असून अंगणात थांबणार नाही." "लक्ष द्या. कोबीची बरणी उघडण्यात आली आहे." वाचणारे तिघेच: मुलगी, कुठलीशी विमा कंपनी आणि समोरच्या घरातला रादिसाव.

खरं तर सगळा खटाटोप रादिसावसाठीच होता. दोघं लहानपणापासूनचे जिवलग. पण नोकरीच्या शेवटच्या दिवशी, माईक चालू आहे हे विसरून, स्वेतोमिर सहकाऱ्याला म्हणाला होता, "रादिसावची राकिया? काचा पुसायला झकास!" दोन्ही फलाटांनी ते ऐकलं. रादिसावनेही ऐकलं. तो बाकावरच बसला होता, निरोपाची भेट म्हणून त्याच राकियाची, घरी गाळलेल्या फळांच्या दारूची, बाटली घेऊन. तेव्हापासून दोन वर्षं अबोला.

आता स्वेतोमिरच्या घराण्याच्या संताची स्लावा, म्हणजे वर्षाचा सण, तोंडावर आली होती. स्लावाचं आमंत्रण देत नाहीत. ज्याला आठवण आहे तो येतो, आणि आलेल्याला कुणी दारातून परत पाठवत नाही. दोन स्लावा रादिसावची खुर्ची रिकामी राहिली होती, आणि तिसऱ्यांदा ती रिकामी बघायची स्वेतोमिरची छाती नव्हती. बोलवावं तर रीत मोडणार. पण आपल्या घरात काय शिजतंय हे नुसतं कुंपणावर लिहिलं, तर त्याला आमंत्रण कोण म्हणेल?

"अरे माणसा, चार पावलं चालून माफी माग की!" ल्युबिंका वैतागली.

"मी फक्त माहिती देतोय."

रादिसाव उत्तर देत नसे, पण प्रत्येक ओळीखाली त्याच्या नावाचा डोळा उमटे. म्हणजे वाचत होता लेकाचा!

आदल्या संध्याकाळी स्वेतोमिरने लिहिलं, "लक्ष द्या. उद्या एक वाजता स्लावा. कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याच्या दोनशे सारमा. राकिया कमी पडण्याची शक्यता आहे." शेवटचं वाक्य म्हणजे त्याच्या मते माफीनामाच होता. मग घराची खूण करायला त्याने नकाशावर जाडजूड अंगठा टेकवला. "कोणाला दिसावं?" असं फोनने विचारलं, तर जे पहिलं आलं तेच दाबलं. पहिलं होतं, 'जवळपासच्या सर्वांना'.

दुसऱ्या दिवशी मेणबत्ती पेटली, शर्टाला इस्त्री झाली. एक वाजला, दीड वाजला, चिटपाखरू फिरकलं नाही. समोर रादिसावकडे मात्र अकॉर्डियन वाजत होतं. सख्खा मेहुणासुद्धा गर्दी बघून तिकडेच वळला. "मुद्दाम आजच जेवण घातलं त्याने," असं म्हणता म्हणता स्वेतोमिरला रडू यायला लागलं.

तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं. बाह्या वर सरसावलेला रादिसाव आत घुसला.

"गाढवा! तुझी नकाशावरची खूण माझ्या घरावर पडलीय! माझ्या अंगणात चाळीस माणसं आहेत! एकालाही मी ओळखत नाही, आणि सगळे मला मिठ्या मारून स्लावाच्या शुभेच्छा देतायत!"

"मग हाकलायचंस ना."

"स्लावाला आलेल्यांना? आई थडग्यातून उठून लाटण्याने बडवेल मला! चीज संपलं, कांदेसुद्धा संपले." त्याने घसरलेली बाही पुन्हा वर ओढली. "राकिया तिसऱ्यांदा मागतायत. काचा पुसायला नाही."

एकतीस वर्षांचा तो आवाज नेमका आत्ताच बसला. "माझं चुकलं," स्वेतोमिर पुटपुटला.

"मोठ्याने बोल. तेव्हा बरा मोठ्याने बोलला होतास!"

स्वेतोमिर फाटकात जाऊन उभा राहिला आणि त्याने छाती भरून घेतली. "लक्ष द्या! रादिसावची राकिया या जिल्ह्यात पहिल्या क्रमांकाची आहे!"

पलीकडून चाळीस गळ्यांनी एकदम जयघोष केला. रादिसावने खाकरून नाक पुसलं आणि सारमांच्या पातेल्याचा एक कान धरला.

"चल, तो दुसरा कान धर."

"म्हणजे तू मला बोलावतोयस?"

"छट्! स्लावाला कुणी बोलावतं का?"