ही कोणाची आई?

मंडळी, डोकं अजून तापलेलंय. आज सकाळी सिल्वासाला आमच्या शाळेच्या कार्यक्रमात मराठीचे जुने सर माईकवर म्हणाले, "याला लिहायला मी शिकवलं."

काय शिकवलंत, सर? नव्वदच्या सुमारास 'माझी आई' हा निबंध मी गाईडमधून जसाच्या तसा उतरवला होता. त्यातली आई पहाटे तुळशीला पाणी घालायची. तुम्ही 'सुंदर' असा शेरा मारून मोकळे!

माझी आई पहाटे धाग्याच्या कंपनीत पाळीला जायची. घरी तो निबंध ऐकून तिने विचारलं, "ही कोनाची माय रे?"

मी पान फाडलं आणि पुन्हा लिहायला बसलो. माझं लिहिणं तिथे सुरू झालं.

आणि माझ्या प्रत्येक पोस्टखाली 'अप्रतिम' लिहिणाऱ्यांनो, तुमच्यापैकी एकाने तरी मला असा प्रश्न कधी विचारलाय?